तारवट्यांची नावं कुठे शोधायची?

मागच्या एका अंकात मुरगाव बंदराच्या जुन्या रेल्वेबद्दल लिहिताना मी जाता जाता म्हटलं होतं, की दोन्ही महायुद्धं आमच्या दारापर्यंत येऊन गेली. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली, की या वेळचं सदर त्यांनाच देते आहे. माझं बालपण वास्कोत गेलं. बाबा बंदरावर रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. त्यामुळे यातलं काही वाचलेलं आहे, काही घरात ऐकलेलं. कुठलं कुठलं, ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

प्रश्न : १९४३ साली मुरगावात जर्मन बोटी पेटल्या तेव्हा अंगणात बसून वर्तमानपत्र वाचता यावं इतका उजेड पडला होता, असं आमचे आजोबा सांगत. इंग्रजांच्या विमानांनी बॉम्ब टाकले असं काहीजण म्हणतात, तर काही म्हणतात की जर्मनांनीच आपल्या बोटी जाळल्या. खरं काय? (वास्को)

उत्तर : बॉम्ब पडले नाहीत, आकाशातून काहीच आलं नाही. बोटी जर्मनांनी आणि इटालियनांनी स्वतःच्या हाताने पेटवल्या. पण तशी वेळ त्यांच्यावर इंग्रजांनी आणली, म्हणून दोन्ही बाजूंच्या सांगण्यात थोडं थोडं तथ्य आहे.

जहाजं चार होती. एहरनफेल्स, द्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन, ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची. चौथं अन्फोरा, इटालियन. युद्ध सुरू झालं तेव्हा ही जहाजं हिंदी महासागरात अडकली. इंग्रजांच्या बंदरात गेली असती तर जप्त झाली असती. गोवा पोर्तुगिजांचा आणि पोर्तुगाल तटस्थ, म्हणून ती मुरगावात नांगर टाकून बसली. जर्मन जहाजं साडेतीन वर्षं तिथेच होती. बाबा सांगायचे, की ते खलाशी वास्कोच्या बाजारात केळी-अंडी घ्यायला यायचे आणि शेवटी शेवटी पैसे कोंकणीत मोजायचे.

एहरनफेल्सवर बिनतारी यंत्र लपवलेलं आहे आणि त्यावरून जर्मन पाणबुड्यांना बोटींची खबर जाते, असा इंग्रजांच्या गुप्त खात्याचा संशय होता. तटस्थ बंदरावर उघड हल्ला करायची सोय नव्हती. मग त्यांनी कलकत्त्याहून अशी माणसं निवडली, जी पकडली गेली तरी कुणाला फौजेतली वाटली नसती. कलकत्ता लाइट हॉर्समधले १४ आणि कलकत्ता स्कॉटिशमधले ४ जण. ही हौशी पलटणींतली माणसं, एरवी व्यापारी कचेऱ्यांत काम करणारी, बरीचशी मध्यम वयाची. त्यांचा म्होरक्या लुईस प्यू. बोट म्हणून मिळाला तो फीबी नावाचा गाळ वाहणारा बार्ज. ९ मार्च १९४३ च्या रात्री त्या बार्जमधून येऊन ही मंडळी एहरनफेल्सवर चढली. झटापटीत जहाजाचा कप्तान रोफर मारला गेला. जहाज शत्रूच्या हाती लागू द्यायचं नाही याची तयारी खलाशांनी आधीपासून करून ठेवली होती. त्यांनी आग लावली आणि जहाजात पाणी घेतलं. ते बघून बाकीच्या तिन्ही जहाजांवरच्या लोकांनीही आपापली जहाजं पेटवली. फीबी आली तशी निघून गेली. जर्मन आणि इटालियन खलाशांना पोर्तुगिजांनी पकडून तुरुंगात टाकलं. खलाशांनी आपणच आपल्या बोटी जाळल्या, एवढंच तेव्हा जगाला कळलं. १९७८ साली इंग्लंडात यावर पुस्तक आलं, मग सिनेमा निघाला, तेव्हा कुठे आपल्या लोकांना बार्जची गोष्ट समजली. म्हणजे तुमच्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचं कारण त्यांना पस्तीस वर्षांनी कळलं असणार.

दिवस कार्निव्हालचे होते, हे मात्र पुस्तकांवाचूनही घरोघर माहीत होतं. १० मार्चला राखेचा बुधवार. ख्रिस्ती शेजारी सकाळी कपाळाला राख लावून इगर्जीतून परतले तेव्हा बंदराकडून अजून धूर येत होता. आई तेव्हा नवी नवरी होती. सकाळी पाणी घालायला गेली तर तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर बोटाला लागेल इतकी काजळी. आधी तिला वाटलं, कुणाचं तरी खळं पेटलं.

तारखेवरून आठवलं म्हणून सांगते. पहिल्या महायुद्धातही जर्मन जहाजं अशीच मुरगावात आसऱ्याला येऊन बसली होती. त्यांत लिश्तनफेल्स आणि मारिएनफेल्स होती, म्हणजे त्याच हान्सा कंपनीची. नावाच्या शेवटी ‘फेल्स’ दिसलं की ओळखावं. ‘फेल्स’ म्हणजे जर्मनमध्ये खडक. फेब्रुवारी १९१६ मध्ये इंग्रजांच्या आग्रहावरून पोर्तुगालने आपल्या बंदरांतली जर्मन जहाजं ताब्यात घेतली, त्यांत हीही गेली. त्यावर जर्मनीने पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारलं, ते ९ मार्च १९१६ ला. बरोबर सत्तावीस वर्षांनी, त्याच तारखेला, त्याच बंदरात तीच कंपनी जळाली.

प्रश्न : युद्धात जपानी लोक मुरगावात उतरले होते, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. आम्ही कधी विश्वास ठेवला नाही. (मडगाव)

उत्तर : सासूबाईंचं बरोबर होतं. मात्र ते सैनिक नव्हते. ऑक्टोबर १९४३ मध्ये अमेरिका आणि जपान यांनी एकमेकांकडे अडकलेल्या नागरिकांची अदलाबदल मुरगावात केली. न्यूयॉर्कहून ग्रिप्सहोल्म हे स्वीडनचं जहाज जपान्यांना घेऊन आलं. जपानकडून तेइया मारू आलं. हे मूळचं आरामिस नावाचं फ्रेंच जहाज. त्यात चीन, फिलिपिन्स अशा ठिकाणी पकडलेले अमेरिकन, कॅनडियन, मिशनरी, व्यापारी, बायका, पोरं अशी दीडेक हजार माणसं होती. इकडची माणसं तिकडे आणि तिकडची इकडे. ग्रिप्सहोल्मच्या अंगावर मोठ्या अक्षरांत ‘डिप्लोमॅट’ लिहिलेलं होतं, पाणबुडीने चुकून मारू नये म्हणून. भर युद्धात रात्री दिव्यांनी उजळलेली बोट लोकांनी तेव्हाच पाहिली. जळालेल्या चार बोटींना त्या वेळी जेमतेम सात महिने झाले होते.

प्रश्न : माझे पणजोबा सासष्टीतल्या किनाऱ्यावरच्या एका गावचे. बी. आय. (ब्रिटिश इंडिया) कंपनीच्या आगबोटीवर स्टुअर्ड होते. १९४२ साली मुंबईहून गेले ते आलेच नाहीत. आगबोट मोंबासाला जाताना बुडाली, एवढंच आजी सांगायची. गावच्या इगर्जीत जाऊन मृत्यूची वही पाहिली, त्यात नाव नाही. पाद्री चांगले होते, त्यांनी दोन तास शोधून दिलं. आता कुठे जाऊ? (मालाड, मुंबई)

उत्तर : या पत्राची मी फार वर्षं वाट पाहत होते. तुमच्यासारखी शेकडो घरं आहेत आणि फार थोडी लिहितात.

आधी त्या वहीचं सांगते, म्हणजे मनाला लागणार नाही. इगर्जीतली मृत्यूची वही म्हणजे खरं तर दफनाची वही. कोण, कधी, कुठल्या कबरीत, कुणी विधी केले. ज्याचं प्रेत गावात आलंच नाही त्याची नोंद त्यात होत नाही. तुमच्या पणजोबांना कुणी विसरलं नव्हतं, त्यांच्यासाठी त्या वहीत रकानाच नव्हता. त्याच इगर्जीत दुसऱ्या वह्या असतात, त्या मागा. गावच्या कोंफ्रारियाची, म्हणजे धार्मिक बंधुमंडळाची, वही असते, त्यात भावांची, म्हणजे सभासदांची नावं आणि वर्गणी असते. तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारा माणूस, दर फेरीला परतला की वर्गणी भरायचा. ती जिथे थांबते ते साल तुम्हाला कळेल. त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा केली असेल तर तीही कधी कधी हिशेबाच्या वहीत सापडते. सोबत लग्नाची वही पाहा. त्यात त्यांचं पूर्ण पोर्तुगीज नाव आणि आईवडलांची नावं मिळतील. पुढच्या शोधाला ते फार लागतं.

आता आगबोट. बी. आय., १९४२, मोंबासा, या तीन गोष्टी एकत्र आल्या की पहिलं नाव मनात येतं ते तिलावाचं. तिलावा २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून सुटली, ती मोंबासा करून पुढे दक्षिण आफ्रिकेला जाणार होती. बोटीवर ७३२ उतारू, २२२ खलाशी आणि ४ तोफवाले, म्हणजे ९५८ माणसं. बहुतेक उतारू आपलेच, गुजराती, मुसलमान, पंजाबी, आफ्रिकेत दुकानं असलेले. २३ तारखेला पहाटेच्या अंधारात जपानच्या आय-२९ या पाणबुडीने टॉर्पेडो मारला. लोक होड्यांत उतरले. बोट लगेच बुडेना, म्हणून काही जण परत वर चढले. तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो बसला. एचएमएस बर्मिंगहॅम आणि कार्थेज या बोटींनी ६७८ जणांना वाचवलं आणि मुंबईला आणलं. २८० जण गेले. बोटीच्या पोटात २,३६४ चांदीच्या लगडी होत्या. त्या २०१७ साली समुद्राच्या तळातून काढल्या. चांदीचा पत्ता लागला, माणसांचा नाही. २०२२ साली तिलावाच्या लोकांची वारस मंडळी मुंबईत जमली आणि ऐंशी वर्षांनी त्यांना एकत्र आठवलं.

तुमचे पणजोबा तिलावावरच होते असं मी म्हणत नाही. त्या साली त्या समुद्रात बऱ्याच बोटी बुडाल्या. तपासून घ्यायची जागा आहे आणि ती फुकट आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर दोन्ही युद्धांत मेलेल्यांची नावं शोधता येतात. हिंदी व्यापारी जहाजांवरच्या खलाशांची नावं तिथे ‘बॉम्बे १९३९–१९४५ वॉर मेमोरियल’ या नावाखाली आहेत. हे स्मारक म्हणजे पुतळा किंवा खांब नाही, नावांच्या वह्या आहेत. एक प्रत मुंबईत, एक चितगावला. हिंदी आरमार आणि व्यापारी आगबोटी मिळून साडेसहा हजारांच्या आसपास माणसं त्यांत आहेत, आणि त्यांतले फार थोडे आरमारातले. बाकी सगळे कोळसा टाकणारे, डेक धुणारे, भंडारी, बटलर, स्टुअर्ड. समुद्र हीच त्यांची कबर, म्हणून वहीत नाव.

शोधताना एक करा. आडनाव टाकून थांबू नका. कंपनीचा कारकून ऐकेल तसं लिहायचा. फर्नांडिसच्या शेवटी कधी एस, कधी झेड. सूझा एका ठिकाणी ‘डी’ला जोडलेला, दुसऱ्या ठिकाणी वेगळा. घरात कायतान म्हणत असाल तर तिथे काजेतान सापडेल, आणि कधी कधी आडनावाच्या जागी पहिलं नाव. तारीख आणि बोटीचं नाव घालून सगळी यादी उघडा आणि एकेक नाव वाचा. वेळ लागतो, पण त्याशिवाय हाती काही लागत नाही. काही नोंदींत ‘अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, राहणार गोवा’ असं लिहिलेलं असतं. ते मिळालं की समजा पोचलात. बोटीचं नाव नक्की झालं की लंडनला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात बीटी ३८१ या मालिकेत दुसऱ्या युद्धातले खलाशांचे करार आणि बोटींच्या रोजनिशा आहेत, आणि बीटी ३८९ मध्ये कुठली बोट कधी कुठे होती त्याची कार्डं. तिकडे कुणी नातेवाईक असेल तर एक दिवस मागून घ्या.

घरात काय शोधायचं तेही सांगते. ‘नळी’ आहे का ते विचारा. खलाशाच्या नोकरीचं पुस्तक, ज्याला आता सी.डी.सी. म्हणतात, ते जुने लोक पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवत, म्हणून त्या कागदालाच नळी म्हणायचे. बोटीवर जाताना ती बरोबर जायची, त्यामुळे बुडालेल्या माणसाची बहुतेक मिळत नाही. आधीची संपलेली एखादी घरी राहिलेली असते. त्यात प्रत्येक फेरीची बोट, तारीख आणि कप्तानाचा शेरा असतो.

आणि कूड. तुम्ही मालाडला आहात, तेव्हा धोबीतलावला जाऊन या. जेर महालात आणि त्याच्या आसपास गोव्यातल्या गावांच्या कुडी अजून आहेत. पूर्वी गावागावाची कूड होती. बोट मिळेपर्यंत तारवटी तिथे राहायचा. भिंतीला लावून पेट्यांची रांग, वर वेदी, गावच्या सायबिणीची (मारिया मातेची) किंवा सांताची मूर्ती, आणि रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. तेर्साला गैरहजर राहिलं तर दंड. तुमच्या गावच्या कुडीची वही शिल्लक असेल तर तिच्यात पणजोबांची शेवटची रात्र सापडेल, मुंबईतली.

पेटीवरून एक सांगते. हे माझ्या डोळ्यांसमोरचं नाही, पण ज्यांच्या डोळ्यांसमोर घडलं त्यांनी मला सांगितलं. आमच्या शेजारी एक बाई राहायच्या, आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. नवरा सलून स्टुअर्ड. १९४१ साली गेला. दोन वर्षांनी कुडीने त्याची पेटी आगगाडीने गावी पाठवली. काळी पत्र्याची, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि गाव. किल्ली नवऱ्याच्या गळ्यातल्या दोऱ्यात होती, म्हणजे समुद्रात. मावशीने पेटी उघडू दिली नाही. किल्ली येईल तेव्हा उघडू, म्हणाल्या. युद्ध संपलं, बोटींवरची माणसं परत आली, ज्यांची यायची होती त्यांची. १९४६ च्या पावसाळ्यात लोहाराला बोलावून कडी तोडली. आत इस्त्री केलेला पांढरा कोट, बटणं पुसायची पावडर, घरच्यांसाठी घेतलेलं एक छत्रीचं कापड आणि मुलीच्या मापाचे बूट. ते बूट मुलीला होत नव्हते, ती पाच वर्षांनी मोठी झाली होती. कोट मावशीने कापून उशीचे अभ्रे शिवले. ते अभ्रे मी पाहिले आहेत, खिशाची शिवण दिसायची.

प्रश्न : या खलाशांत आमच्या रत्नागिरीकडचे होते का? की सगळे गोव्याचेच? (दापोली)

उत्तर : होते, पुष्कळ होते. आगबोटीवर कामं माणसांच्या गावानुसार वाटलेली असायची. वरचं डेकचं काम कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावरच्या लोकांचं. दाभोळ, बाणकोट, जयगड अशा बंदरांतले मुसलमान, खारवी. त्यांचा प्रमुख सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल. खाली इंजिनात पंजाबकडचे आणि पठाण. सलूनमध्ये, स्वयंपाकघरात आणि उतारूंच्या सेवेला गोव्याचे ख्रिस्ती. एकाच बोटीवर तीन स्वयंपाक.

पगार मात्र तिन्ही ठिकाणी सारखाच तोकडा. त्याच बोटीवरच्या गोऱ्या खलाशाच्या चौथाईपेक्षाही कमी. १९३९ साली युद्ध सुरू होताच हिंदी खलाशांनी इंग्लंडच्या आणि इतर बंदरांत वाढ मागत बोटीवर चढायला नकार दिला. कित्येकांना तुरुंगात घातलं, पण पगार वाढवावा लागला. ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकांत यायला हवी असं मला मनापासून वाटतं. टॉर्पेडो गोऱ्या-काळ्याला सारखाच लागतो, हे त्यांनी मोजून दाखवलं.

पहिल्या युद्धातही तसंच. ३० डिसेंबर १९१५ ला क्रीटजवळ पी अँड ओ कंपनीची पर्शिया बुडाली, ५१९ पैकी ३४३ गेले, त्यांत आपल्याकडचे बरेच खलाशी. तुमच्या किनाऱ्याच्या आणखी जवळचं सांगते. फेब्रुवारी १९१७ मध्ये वुल्फ नावाचं जर्मन जहाज गुपचूप येऊन मुंबईच्या समोर सुरुंग पेरून गेलं. जूनमध्ये ऑस्ट्रेलियाची टपाल घेऊन निघालेली मंगोलिया त्यावर आदळली आणि बुडाली. म्हणजे युद्ध फ्रान्समध्ये चाललं होतं आणि सुरुंग आपल्या मासेमारीच्या पाण्यात होते. पहिल्या युद्धातल्या अशा दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदर भागात खलाशांच्या वसतिगृहात आहे. दापोलीहून मुंबईला आलात तर तिथे चौकशी करा.

प्रश्न : तुम्ही ‘फिरगज’ लिहिता, आमच्या वसईत ‘धर्मग्राम’ म्हणतात. एकच का? (नंदाखाल, वसई)

उत्तर : एकच. एका इगर्जीखालचा परिसर आणि तिथली माणसं. ‘फिरगज’ पोर्तुगीज ‘फ्रेगेझिया’वरून आलं, आणि त्याचा मूळ लॅटिन अर्थ ‘चर्चची लेकरं’ असा आहे. तुमचा शब्द सुंदर आहे, पण वास्कोत कुणाला धर्मग्राम विचारलंत तर पत्ता लागणार नाही.

प्रश्न : आमच्या फिरगजेत युवक मंडळाने ठरवलं आहे, की २ नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, दोन्ही युद्धांत गेलेल्या गावच्या तारवट्यांची नावं वाचायची. पुढे इगर्जीच्या भिंतीला दगड बसवायचा. काहीजण म्हणतात, गोवा युद्धात नव्हता, मग दगड कशाला? कुणाची नावं घ्यायची, हाही वाद आहे. (सासष्टी)

उत्तर : मुलांनो, तुमचं पत्र मी घरात दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं.

दगड कशाला, याचं उत्तर घाटावर बघा. सातारा जिल्ह्यात अपशिंगे गाव आहे, त्याला अपशिंगे मिलिटरी असंच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं गेली. इंग्रज सरकारने तिथे स्मृतिशिळा बसवली. कोकणात, देशावर कित्येक गावांत अशा पाट्या आहेत, ‘या गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत’. आपल्याकडे कुणी लावली नाही, कारण आपली माणसं पोर्तुगालची रयत होती, मेली इंग्रजांच्या बोटींवर आणि गणवेश त्यांचा वाढप्याचा होता. पोर्तुगालला त्यांचं देणं नव्हतं, इंग्रजांना त्यांचं गाव माहीत नव्हतं. एका पलटणीत एकत्र असते तर निदान पलटणीने आठवण ठेवली असती. हे एकेक, दोघे दोघे, वीस बोटींवर विखुरलेले. राहिलं ते गाव. गावाने दगड बसवला नाही तर बसवायला दुसरं कुणी उरलेलं नाही.

आणि गोवा युद्धात नव्हता हेही पूर्ण खरं नाही. पहिल्या युद्धात १९१६ पासून पोर्तुगाल होताच. दुसऱ्या युद्धात तो तटस्थ होता, पण गोव्याचा भात ब्रह्मदेशातून यायचा. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ती वाट बंद झाली. आमच्या घरात दुपारी भात आणि रात्री नाचणीची आंबील अशी वाटणी तेव्हापासून झाली, ती माझ्या लहानपणापर्यंत चालली. रंगूनला नोकरीला गेलेले लोक जंगलातून चालत परत आले, काही वाटेत राहिले. त्यांचीही नावं विचारा.

कुणाची घ्यायची? माझं मत स्पष्ट आहे. गावच्या सगळ्यांची. तारवट्यांमध्ये ख्रिस्ती जास्त, पण बंदरावरचे हमाल, डबा घेऊन मुंबईला गोदीत कामाला गेलेले गावकरी, यांत हिंदूही होते. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या दारूगोळ्याच्या बोटीचा स्फोट झाला, त्यात गोदीतली किती माणसं गेली. तुमच्या गावचा कुणी त्यात असेल तर तो युद्धातच गेला. इगर्जीच्या भिंतीवर हिंदू नाव चालेल का, असा प्रश्न निघाला तर व्हिगारांना, म्हणजे इगर्जीच्या मुख्य पाद्र्यांना, विचारा, पण मनात भीती धरू नका. दगड भिंतीऐवजी बाहेर, खुरसाजवळच्या, म्हणजे क्रुसाजवळच्या, मोकळ्या जागेत बसवला तरी चालेल, तिथे सगळे थांबतात.

कामाला लागा ते असं. आधी सगळ्यात म्हाताऱ्या बायकांकडे जा. पुरुषांकडे नंतर. बायकांना तारखा आठवत नाहीत, पण कुठल्या सणाच्या आधी तार आली ते आठवतं, आणि सणावरून साल काढता येतं. तेव्हाच्या तारेचा कागद कुणाच्या प्रार्थनेच्या पुस्तकात दडलेला असतो. बरोबर फोन न्या आणि कागदाचा फोटो घ्या, कागद मागून नेऊ नका. मग आयोगाच्या यादीशी ताडून बघा. यादीत नाव मिळालं नाही म्हणून कुणाला वगळू नका. घरच्यांनी सांगितलं तसं लिहा आणि बोट माहीत नसेल तर ती जागा कोरी सोडा. मी आमच्या शेजारच्या मावशींच्या नवऱ्याचं नाव शोधायला लागले, तेव्हा ते मला तिसऱ्या स्पेलिंगला मिळालं. मावशी तेव्हा नव्हत्या. त्यांच्या मुलीला, जिच्या मापाचे बूट पेटीत होते तिला, मी फोनवर वाचून दाखवलं : नाव, हुद्दा, बोट, तारीख, वय ३४. ती म्हणाली, वय पुन्हा वाच. ती स्वतः तेव्हा सत्तरीत होती.

नावं जमली की मला पाठवा, मी यादीशी ताडून द्यायला मदत करीन. फक्त प्रत्येक नावापुढे वाडा लिहा. सासष्टीत एका गावात एका नावाची चार माणसं सहज असतात, आणि वाडा नसला तर कुणाच्या घरी जाऊन सांगायचं ते कळत नाही.